निरोगी आधी

आमच्या ह्यांना मशीन नको होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नंतर जो तो आपापल्या सोयीने बोलतो. श्वासाचं मशीन नको, गळ्याला भोक नको, हे त्यांनी बोलता येत होतं तेव्हा स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. डॉक्टरांसमोर, माझ्यासमोर आणि त्यांच्या बहिणीसमोर. "छाती थकली की मलाही जाऊ द्या," म्हणाले होते. "नुसते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहायला मी काही पाल नाही. आणि पाल निदान किडे तरी खाते." डॉक्टर हसले. मी नाही हसले, पण मान हलवली.

हे ड्रायव्हिंग शिकवायचे. अर्धं शहर त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ऑफिस मी सांभाळायची. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, पहिल्या दिवशी पाचावर धारण बसलेल्यांना पाणी द्यायचं. ह्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा, पण तो ते सहसा दाबायचे नाहीत. "चुकू दे गं, चुकल्याशिवाय हात बसत नाही," म्हणायचे. मी त्यांच्या जागी असते तर ब्रेकवरून पायच उचलला नसता. माझा स्वभावच तसा आहे, आणि त्यांना तो माहीत होता.

मग एक दिवस त्यांना गाडीची किल्ली फिरवता येईना. आम्ही दोघंही हसलो. पुढच्या महिन्यात शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा हसणं बंद झालं. तपासण्या झाल्या आणि नाव कळलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. हुकूम मिळाला नाही की हात, पाय, जीभ आणि शेवटी छाती, सगळे गप्प बसतात. डोकं मात्र शाबूत राहतं. "हे चांगलं की वाईट?" मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते कागद चाळत बसले.

कशाने झालं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. काही घराण्यांत म्हणे एकच जनुक बिघडलेलं असतं. ह्यांच्यात तसं काही सापडलं नाही, आणि बहुतेकांच्यात सापडतच नाही. शंभर बारीकसारीक गोष्टी एकत्र येतात आणि माणसाला खाली पाडतात. चोर एकटा असता तर धरला असता; इथे अख्खी गल्लीच सामील होती.

ती गल्ली पिंजून काढायचं काम बारकीने घेतलं.

बारकी म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वय चाळिशीच्या पुढे, डोळ्यांवर जाड चष्मा, केसांत पांढरी बट, पण घरात अजून बारकीच. आई-वडील लवकर गेले तेव्हा ती शाळेत होती. ह्यांनीच तिला वाढवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला नवरा आणि मुलगी एकदमच मिळाली, आणि मुलगी नवऱ्याच्या वरताण हट्टी निघाली. नणंद-भावजयीचं जे व्हायचं ते आमचंही झालं. आम्ही एकमेकींना टोचून बोलायचो आणि हे मध्ये बसून दोघींना हसायचे. आम्हाला दुसरं मूल झालं नाही. तिने लग्न केलं नाही. नोकरीपायी ती वेगळी राहायला गेली, तरी तिघांचंच घर होतं ते.

ती कॉम्प्युटरवाली. आधी दुकानांसाठी काम करायची: कोणतं गिऱ्हाईक काही घेणार आणि कोणतं नुसतंच फिरून जाणार, ते कॅमेऱ्यातून बघून यंत्राने ओळखायचं. भावाचं निदान झालं तशी ती नोकरी सोडून याच आजारावर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेत गेली. "गिऱ्हाईक ओळखणारं यंत्र आजारी पेशी का नाही ओळखणार?" म्हणाली. मला वाटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण काम खरोखरच तसं होतं.

रुग्णांचं रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींना मागे रेटत अशा अवस्थेला न्यायचं की त्यांना पुन्हा काहीही होता यावं, आणि मग त्यांच्या चेतापेशी बनवायच्या. म्हणजे ह्यांच्या कण्यात जे मरत होतं तेच काचेच्या डिशमध्ये नव्याने वाढवायचं. मग जनुकांची कात्री घ्यायची, क्रिस्पर म्हणतात तिला, आणि या डिशमध्ये एक जनुक बंद करायचं, त्या डिशमध्ये दुसरं. अशा हजारो डिश, आणि रोज सगळ्यांचे फोटो. माणसं ते बघत बसली तर जन्म जाईल, म्हणून ते एआयने बघायचे. निरोगी माणसांच्या पेशी कशा दिसतात आणि रुग्णांच्या कशा, हे त्याला आधी शेकडो फोटो दाखवून शिकवलेलं. कोणतं जनुक बंद केलं की आजारी पेशी निरोगी दिसायला लागते, तेवढं त्याने सांगायचं. ते शिकवण्याचं काम बारकीचं.

रक्त दिलेल्यांच्या घरच्यांना एकदा लॅब दाखवली होती. तेव्हा हे काठी घेऊन चालत होते. पेशी वाढवायची खोली छोटी, उबदार कपाटांनी भरलेली. कपाटात डिश, आणि डिशमध्ये गुलाबी पाणी, तेच पेशींचं खाणं. ते रोज बदलणाऱ्या बाईंना तिथे सगळे माळीणबाई म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. हात धुवायच्या बेसिनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: निरोगी आधी.

"रुग्णांच्या डिशमध्ये कधी जंतू शिरला आणि तोच हात निरोगी डिशला लागला, तर सगळंच नासेल," माळीणबाई म्हणाल्या. "म्हणून सकाळी निरोगी, जेवणानंतर आजारी. मी आल्यापासून हा नियम कधी मोडला नाही."

"म्हणजे इथेही आमचा नंबर शेवटीच," हे म्हणाले. त्यांची जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती, पण विनोद अजून कळायचे.

बारकीने त्यांना सूक्ष्मदर्शकातून त्यांच्याच पेशी दाखवल्या. हे बराच वेळ बघत राहिले. "गोड दिसतायत गं," म्हणाले. "मालकापेक्षा बऱ्या आहेत." बारकी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत बसली.

मग ते जनुक सापडलं.

तोपर्यंत हे चाकाच्या खुर्चीत आले होते आणि बोलणं पूर्ण गेलं होतं. लॅबच्या प्रमुख, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, त्यांनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं की एक जनुक बंद केल्यावर रुग्णांच्या पेशी यंत्राला चक्क निरोगी दिसतायत. एका रुग्णाच्या नव्हे, सगळ्यांच्या. नवे रुग्ण घेऊन, नवे निरोगी घेऊन पुन्हा पडताळलं, यंत्र कुठेच चुकलं नाही. "हे अजून डिशमधलं आहे, सावध राहायला हवं," बाई म्हणाल्या, "पण इतकी स्पष्ट सुधारणा आम्ही आजवर पाहिलेली नाही." माणूस 'पण'च्या पुढचंच ऐकतो. त्या जनुकाला गप्प करणारं औषध बनवता येतं, दोन-तीन वर्षांत माणसांना देऊन बघता येईल, असंही कुणीतरी म्हणालं. शेजारच्या खुर्चीतले आजोबा, ज्यांची मुलगी आजारी होती, ते उठून उभेच राहिले.

घरी आलो. ह्यांच्याशी बोलायला आमच्याकडे अक्षरांची पारदर्शक पाटी होती. मी पाटी दोघांच्या चेहऱ्यांमध्ये धरून ओळी म्हणायची; हवी ती ओळ आली की ते नजर वर करायचे, मग त्या ओळीतली अक्षरं. बारकीलाही ती वाचता यायची, पण माझ्याइतकी भरभर नाही. मला तर दोन अक्षरांत अख्खा शब्द कळायचा, आणि त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकायची. एकदा त्यांनी चिकाटीने लिहवून घेतलं, "बोलणं माझं गेलं आणि तोंड तुझं चालतंय."

त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं, "मशीन घेऊ."

मी पाटी खाली केली. "काय?"

पुन्हा तेच. मग, "दोन-तीन वर्षं. थांबतो."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. इतक्या महिन्यांत आनंदाने पहिल्यांदाच. 'जाऊ द्या' म्हणणारा माणूस 'थांबतो' म्हणाला होता. बारकीला फोन केला तर आम्ही दोघी नुसत्या फोनवर नाक ओढत बसलो. इतकं प्रेम आम्हा दोघींत आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी मात्र सगळं उघड करून सांगितलं. मशीन लागलं की ते दिवसरात्र. आजार थांबणार नाही. हळूहळू डोळ्यांखेरीज काही उरणार नाही. "नको वाटलं तर कधीही सांगा," ते ह्यांना म्हणाले. "झोपेचं औषध देऊन शांतपणे बंद करता येतं. पण ते तुमच्याकडून आलं पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्यावर मी हात लावणार नाही."

ह्यांनी पाटीवर लिहिलं, "हिला सांगेन. ही तुम्हाला सांगेल."

"सांगाल ना?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"सांगेन की," मी म्हटलं. कुणी दुकानातून काहीतरी आणायला सांगावं तसं म्हटलं. आम्ही तर जगायला निघालो होतो.

ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत बारकी फिरकलीच नाही. फोन केला तर "कामात आहे, वहिनी." मी म्हटलं, कसलं डोंबलाचं काम, इथे भावाच्या गळ्याला सुरी लागतेय. आदल्या दिवशी मात्र ती हॉस्पिटलच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना. हे तिला बघून हसले. चेहऱ्याचे स्नायू गेले होते, पण त्यांना डोळ्यांनी हसता यायचं. बारकी म्हणाली, "दादा," आणि थांबली. मग म्हणाली, "उद्या येते," आणि गेली. घाबरली असेल, असं मला वाटलं.

मशीन लागलं. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनाच कळेल. त्या आवाजाची इतकी सवय होते की तो ऐकू येत नाही, आणि जरा सूर बदलला की हातातलं टाकून धावावं लागतं. गळ्यातला कफ ओढून काढायचा, पोटातल्या नळीने खाणं घालायचं, कूस बदलायची. मी कुरकूर केली नाही. दोन-तीन वर्षं तर काढायची आहेत, असं मी सगळ्यांना सांगायची, जणू कुणीतरी तारीख दिली होती. बोटांची उरलीसुरली हालचाल गेली, मानही गेली. हे रोज पाटीवर एकच शब्द विचारायचे: "लॅब?" बारकी आली की तिलाही तेच. ती म्हणायची, "चालू आहे, दादा," आणि खिडकीचा पडदा नीट करायला जायची. पडदा नीटच असायचा.

मग मोठ्या बाईंनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. मी नर्सला बसवून निघाले. जाताना ह्यांना म्हटलं, "औषधाची बातमी असणार. आल्या आल्या सांगते." त्यांचे डोळे हसले.

त्या दिवशी बाईंनी पडद्यावर काही दाखवलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आम्ही चुकलो.

झालं होतं असं. माळीणबाई काही दिवस रजेवर गेल्या. बदली आलेली मुलगी नवीन होती. तिने कपाटं उलट्या बाजूने उघडली आणि सकाळी रुग्णांच्या डिशना खाणं घातलं, दुपारी निरोग्यांच्या. त्या दिवशी यंत्राने सगळ्या निरोगी माणसांना आजारी ठरवलं आणि सगळ्या आजाऱ्यांना निरोगी. मग शोध सुरू झाला. ते गुलाबी पाणी सकाळी ताजं असतं. बाटलीची सकाळभर उघडझाप होऊन ते दुपारपर्यंत हवेने जरासं बदलतं. माणसाच्या डोळ्याला दिसणार नाही इतकंच, पण यंत्राला दिसत होतं. त्याला आजार कधी कळलाच नव्हता. त्याला फक्त सकाळ आणि दुपार कळत होती. नवे रुग्ण आणले तरी ते दुपारचे, नवे निरोगी आणले तरी ते सकाळचे. मग ते चुकणार कसं?

"डिशच्या जागा आम्ही बदलून बघितल्या, तारखा बदलल्या, माणसं बदलली," बाई म्हणाल्या. "क्रम बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. तो स्वच्छतेचा नियम होता."

"आणि ते जनुक?" आजोबांनी विचारलं.

बाईंना ते सांगणं फार जड गेलं. ते जनुक बंद केलेल्या डिश सगळ्यांत अशक्त होत्या. पेशी तळाला धरत नव्हत्या, सुटून पाण्यावर यायच्या. माळीणबाईंना त्यांची दया आली. त्यांनी त्या डिश सकाळच्या ताज्या पाण्यासाठी निरोग्यांच्या रांगेच्या शेवटी आणून ठेवल्या, तळहाताच्या फोडासारख्या जपल्या. आणि यंत्र म्हणालं, बऱ्या झाल्या.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. इथे उलटं झालं होतं. गुण लागलाच नाही, नुसता वाण लागला, आणि त्या वाणावर आम्ही गळ्याला भोक पाडून घेतलं.

"म्हणजे माझ्या मुलीच्या पेशी बऱ्या झाल्याच नव्हत्या?" आजोबा म्हणाले.

"नाही."

"थोड्यासुद्धा?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्यावर चिडायलाही जागा नव्हती. मला ती फार हवी होती.

मी उठून विचारलं, "हे लक्षात कधी आलं?"

त्यांनी माळीणबाईंच्या रजेचा आठवडा सांगितला. आमच्या कॉम्प्युटरच्या बाईंना पहिल्याच दिवशी शंका आली, खात्री करून घेण्यात पुढचे दिवस गेले, असंही प्रामाणिकपणे सांगितलं. त्या आठवड्यात मी हॉस्पिटलची बॅग भरत होते.

मी मागे वळून बघितलं. शेवटच्या रांगेत बारकी जमिनीकडे बघत बसली होती.

जिन्यात मी तिला गाठलं. "तुला माहीत होतं."

"शंका होती, वहिनी. खात्री नव्हती."

"मला शिकवू नकोस. खात्री नसती तर दारातून परत गेली नसतीस."

ती कठड्याला टेकली. "स्क्रीन उघडली की सगळ्यांत आधी मी दादाचं बघते. रोज बघते. तर त्या दिवशी त्याच्या पेशी निरोगी. काही न कापलेल्या, साध्या, त्याच्या स्वतःच्या पेशी निरोगी! वहिनी, मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले. मग खाली बघितलं. सगळेच आजारी निरोगी होते. तेव्हाच कळलं मला."

"आणि तू तोंड शिवून बसलीस."

"सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला असता. महिन्याभरात गेला असता. मला तो हवा होता गं. कसाही."

"कसाही? त्यांनी नको म्हटलं होतं! तुझ्या तोंडावर म्हटलं होतं. तू कोण ठरवणारी?"

"कुणी नाही."

"लाज नाही वाटली? रोज लॅब, लॅब विचारतात, आणि तू पडदे नीट करतेस?"

तिने वर बघितलं. चष्म्यामागचे तिचे डोळे अगदी ह्यांच्यासारखे आहेत. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

माझा हात उठला. तो तसाच राहिला. "मी त्यांना सांगितलं असतं," मी म्हटलं. "मी तुझ्यासारखी भेकड नाही."

"मग आता सांग," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की मी सांगेन, आणि मी सांगावं.

घरी जाईपर्यंत मी तिला शिव्या देत होते. रागाचं एवढं बरं असतं की तो आहे तोवर भीती वाटत नाही. नर्सला पाठवलं, चप्पलही न काढता ह्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. सकाळ-दुपार, गुलाबी पाणी, माळीणबाईंची दया, सगळं. बारकीचं तेवढं नाही सांगितलं. ते माझ्या जिभेवर आलं आणि परत गेलं. शेवटी म्हटलं, "जनुक नाही, औषध नाही. काहीच नाही हो."

मशीन चालू होतं. हे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, राग आला नाही. गाडी बंद पडलेल्या विद्यार्थ्याकडे बघायचे तसं शांत बघत होते. मग त्यांनी नजर पाटीकडे नेली.

मी पाटी धरली आणि ओळी म्हणायला लागले. पहिलं अक्षर आलं आणि मला पुढचं सगळं कळलं. तरी मी थांबले, त्यांना पुरं करू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य मी मधेच तोडलं नाही.

"बंद करा. डॉक्टरला सांग."

माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. हा माणूस आत्ता माझ्यासमोर आहे, त्याचे पाय ऊबदार आहेत, केस कापायला झालेत, आणि मी एक फोन केला की तो नसेल. मी पाटी खाली ठेवली.

"काही कळत नाहीये हो आज," मी म्हटलं. "डोळे थकलेत तुमचे. उद्या बघू."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असंख्य थापा मारल्या असतील, आणि प्रत्येक वेळी त्यांनी भुवई उडवून मला पकडलं होतं. आता भुवई उडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा म्हटलं, कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पाटी कपाटात ठेवून दिली आणि तोंडानेच विचारायला लागले: उशी हवी? कूस बदलू? पाय दाबू? हो असेल तर नजर वर करायची. ते नजर वर करत नाहीत. खालीही करत नाहीत. डॉक्टर तपासायला येतात आणि विचारतात, "काय म्हणतायत मास्तर?" मी म्हणते, "बरे आहेत." हे डॉक्टरांवर डोळे रोखून धरतात. डॉक्टरांना पाटी वाचता येत नाही, आणि त्यांना पुढच्या घरी जायचं असतं. ते ह्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणतात, हिंमत आहे माणसात.

मी काय करतेय हे मला समजतं. मला कुणी समजावायची गरज नाही. रोज सकाळी मी ठरवते की आज सांगायचं, आणि मग त्यांची दाढी करते, आणि मग सांगत नाही.

बारकी परवा आली. जिन्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी तिला 'ये' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. तिला बघितल्यावर ह्यांचे डोळे एकदम जिवंत झाले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग कपाटाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ह्यांना काय हवंय ते तिला कळलं. तिने कपाट उघडून पाटी काढली.

मी खाण्याची नळी धुवत होते, तिथेच थांबले. तिला अडवता आलं असतं. खरं सांगते, मला वाटलं, बरंच झालं. माझ्याच्याने होत नाही ते ही करेल. ही वाचेल, ही डॉक्टरांना सांगेल. मी तिला जन्मभर शिव्या घालेन आणि ती त्या ऐकून घेईल, पण हे सुटतील. मनातल्या मनात मी तिच्या पाया पडले.

बारकी खुर्ची ओढून बसली, पाटी धरली आणि ओळी म्हणायला लागली. पहिलं अक्षर मोठ्याने म्हणाली. दुसरंही म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला, आणि मग ती नुसती बोट फिरवत राहिली. हे सावकाश, एकेक अक्षर नीट सांगत होते, घाई न करता, कुणी गाडी शिकवावी तसं. फार वेळ लागला. एक शब्दही त्यांनी सोडला नाही. सगळं झाल्यावर ते तिच्याकडे बघत थांबले.

बारकीने पाटी मांडीवर ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि खिडक्या सगळ्या घट्ट लावलेल्या होत्या.

"वहिनी," ती म्हणाली, "दादा म्हणतोय, पंखा लाव."

मी उठले आणि पंखा लावला.